कधीच न बदलायचं तेल

सकाळी सव्वासातची वेळ. उड्डाणपुलाचा चढ, मधली रांग. इंजिन चालू, गिअर 'डी'वर, ॲक्सिलरेटरवर पाय दाबलेला, आणि गाडी मागे जात होती.

मागे! अहो, पुढे जायला घेतली होती आम्ही ती! तुम्हाला सांगतो, इंजिन नुसतं बोंबलतंय, काटा वर चढतोय, आणि गाडी आपली हळूहळू, लाजत लाजत, मागच्या ट्रकच्या भेटीला... चालवत होती ही, आमची बायको. ती एवढंच म्हणाली, "अहो, मी पाय दाबलाय हो." आता गाडी बिघडली की माणूस गाडीवर चिडतो की नाही? ही स्वतःच्या पायाकडे बघत होती. उजव्या. तो एकच तर धड राहिला होता.

मी हँडब्रेक ओढला. मागून ट्रकवाला उतरून आला. "काका, गिअर टाका की!" काय टाकू, कपाळ? या गाडीत गिअर टाकायचाच नसतो, तिचा ती टाकते, म्हणून तर घेतली!

झालं काय, की काही वर्षांपूर्वी हिला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. मग हात परत आला, जीभ परत आली... जीभ तर व्याजासकट आली... पण डावा पाय आला तो अर्धाच. आणि ही पोहायला शिकवणारी! शहराच्या दुसऱ्या टोकाला तलाव, रोज सकाळी साडेसातला वर्ग, आणि पाण्याला घाबरणारी जेवढी म्हणून पोरं, तेवढी हिच्या पदरात. पाण्यात हिचा पाय चालतो हो! पाण्यात पायाला वजनच नसतं. अडचण होती ती तलावापर्यंतच्या जमिनीची. आमची जुनी गाडी मॅन्युअल. क्लच डाव्या पायाने दाबायचा, तो दाबणार कोण? मी? मला गाडी येत नाही. मी पडलो बातमीदार, माझा जन्म फोटोग्राफरच्या मोटरसायकलवर मागे बसण्यात गेला.

म्हणून ऑटोमॅटिक. लोकांना ती चैन वाटते. आमच्या घरात तो हिचा डावा पाय होता.

शोरूममध्ये एक टायवाला होता. जुन्या गाडीचं तेल ही दर रविवारी स्वतः काडी बुडवून बघायची, त्यामुळे हिने आधी तेच विचारलं, "गिअरबॉक्सचं तेल कुठून बघायचं?" टायवाला असा हसला, जसं काही हिने घोडा कुठे जुंपायचा ते विचारलं! "मॅडम, यात काडीच नाही! सीलबंद आहे. तेल बदलायचं नसतं! तुम्ही फक्त चालवायची."

ही चालवत राहिली. पावसात, धुक्यात, खोकला झाला असताना. प्रत्येक सर्व्हिसिंगला मी विचारायचो, खोदून विचारायची आमची जातच, "गिअरबॉक्सचं काय?" तिथला सल्लागार मान वर न करता म्हणायचा, "सर, तेल बदलायचं नसतं."

आणि मग तो पूल.

बंद गाडी घरी ओढून आणल्यावर पहिला कोण आला असेल? मेहुणा! हिचा धाकटा भाऊ, डोळ्यांत नुसता आनंद. "भाऊजी, मी तेव्हाच म्हणत होतो, मॅन्युअल! दोन-अडीच लाख किलोमीटर कुठे जात नाही. क्लच प्लेट टाकली की गाडी परत तरणी! तुमची जुनी परवाच दिसली मला. तुम्ही विकलीत तो रंगारी चालवतो ना, टपावर दोन शिड्या बांधून, काय पळत होती!"

"अरे, पण तुझ्या ताईला क्लच दाबता येतो का?"

"ते आहेच म्हणा... पण टिकते मॅन्युअलच."

हे असं! टिकते, मान्य! पण चालवणारं माणूस टिकलं नाही तर काय करायचं, हे कोणी सांगतं का? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो लांबूनच हात हलवायला लागला. "साहेब, मॅन्युअल आधी कुरकुरते, मग जळका वास मारते, मग जाते. ही जाते ती थेटच. मी उघडत नाही. उघडली की माझ्या गळ्यात." जुन्या गाडीचा क्लच तीनदा याच्याच हातून बदललाय. पण या गाडीसमोर माणूस असा उभा, जसं काही आत साप आहे.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. सल्लागार तोच.

"किती चाललीये सर? सव्वा लाख? मग लाइफ झालं की!"

"म्हणजे गाडी एवढीच टिकते?"

"छे, छे! गाडी दुप्पट टिकते सर, मेंटेनन्स केला तर."

"कसला मेंटेनन्स?"

"तेलं वेळेवर बदलायची."

"कुठली?"

"सगळी. गिअरबॉक्सचं सोडून. ते तेल बदलायचं नसतं."

अहो, मंत्र्यांना रडवलंय मी प्रश्न विचारून! इथे मलाच रडू यायला लागलं. नवा गिअरबॉक्स उरलेल्या गाडीपेक्षा महाग, आणि बदलला तरी त्यातलंही तेल... ऐकताय ना? बदलायचं नसतं! कंपनीला फोन लावला तर गोड आवाजाची बाई, "सर, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो." म्हटलं, बाई, भावना नाही बिघडल्या, गिअरबॉक्स बिघडलाय!

तुम्ही म्हणाल, टॅक्सीने जावं. गेली ना. एक दिवस टॅक्सी मिळाली, दोन दिवस नाही, पोरं काठावर कुडकुडत उभी. मिळाली तरी हिला ते रुचेना. एकदा म्हणाली, "मागच्या सीटवर बसले की मी पेशंट होते हो." मी आयुष्यभर मागेच बसलोय, मला कधी काही झालं नाही. पण मला ते कळलं.

मग तलावाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. अतिशय सभ्य माणूस, सभ्य माणसांची मला भीतीच वाटते. "बाई, तुम्ही आता आराम करा. वर्गाची सोय केली आहे आम्ही." हिने "बरं" म्हटलं. फोन ठेवला. दोरीवर वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख काढला, घडी केली, आणि कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला. वरच्या नाही. खालच्या, जिथे वाकावं लागतं, जिथे हिला वाकता येत नाही. मी बघत होतो, मला मदतीला जावंसं वाटलं, आणि गेलो नाही.

शेवटी सर्व्हिस सेंटरला जाऊन, गाडी एकदा उघडून तरी दाखवा म्हणून भांडलो. ही पण आली, काठी टेकत. गाडी वर उचललेली, आम्ही दोघं खाली उभे, जसं काही छत गळतंय. कारागिराने पाना लावला, आणि काळंकुट्ट, जळक्या वासाचं तेल बादलीत पडायला लागलं.

हिने काठी वर केली. "हे कुठून काढलंत?"

"ड्रेन बोल्टमधून, मॅडम."

"कशाचा बोल्ट?"

"गिअरबॉक्सचा."

"कशाला असतो?"

"तेल काढायला."

"जे बदलायचं नसतं, ते?"

कारागीर सल्लागाराकडे बघतो, सल्लागार बादलीकडे. तेल आपलं पडतंय. मग सल्लागार म्हणाला, "चेक करून सांगतो, मॅडम."

अजून चेक करतायत. मी कंपनीला विचारलं, टायवाल्याला विचारलं, गोड आवाजाच्या बाईलाही विचारलं, तिने भावना समजून घेतल्या. ही आता विचारत नाही. सकाळी साडेसातला खिडकीत चहा घेते, आणि मी उगाचच मोठ्याने पेपर वाचतो.

बोल्ट आहे मात्र. मी पाहिलाय. कारखान्यातच बसवलेला, साध्या पान्याने सुटणारा. कोणासाठी बसवला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.