खालचं कुठं गेलं?

नाय, मला एक सांगा, जे स्क्रीनवर दिसतं ते फोटोत का नाय येत? माणूस फोटोला उभा अख्खा, आणि फोटो निघतो कमरेपर्यंत! अवो, मग खालचं कुठं गेलं?

तुमाला सांगतो, आमची संस्था शहापुरात, पाण्याचं काम करते, मी तिथं कंप्युटरवर. नाव भगीरथ... हसू नका, आईबापांनी ठेवलंय! तर डोळखांबकडच्या पाड्यांच्या विहिरी, कुठं किती पाणी, सगळं आमच्या डॅशबोर्डवर, निळ्या निळ्या पट्ट्या! जास्त पाणीवाला वर, कमीवाला खाली. आणि सगळ्यात खाली कोण? आमचाच चिंचपाडा! विहीर कोरडी ठणठणीत, त्यामुळं पट्टीच नाय, नुसती पांढरी जागा.

संस्थेच्या जयश्री मॅडम म्हणतात, "भगीरथ, टँकर मंजूर करणारे साहेब येतायत. सभागृहात नेटवर्क नाही, अख्ख्या डॅशबोर्डची इमेज काढ, मोठा फ्लेक्स छाप. तो बघूनच ठरवणार ते." झालं! लगेच पाड्यावरून सकुबाई काकीचा फोन, "भगी, आपला पाडा येल ना रं फोटोत? पानी वाहून मानेचा खुळखुळा झालाय माझ्या!" म्हटलं, येल म्हणजे काय, ठळक येल!

एक्स्पोर्ट दाबलं... अर्धाच आला! खालचं कुठं गेलं? बारीक करून काढला, तर आला सगळा, पण नावं अशी की मुंग्या चालल्यात. तुकडे काढून जोडले, तर वरच्या पाड्याची विहीर दोनदा, आमची एकदाबी नाय! डॅशबोर्डवाल्या कंपनीला फोन लावला, तिथला बाबा म्हणतो, "सर, स्क्रीन पे जितना दिखेगा उतनाही आएगा." अरे, मग खाली सरकवायचं दिलंय कशाला? शेवटी खुडबुड करता करता सापडलं, पानाची उंची वाढवा, रिझोल्यूशन चढवा. चढवलं! कंप्युटर भाताच्या गिरणीगत घरघरला, मी हात जोडून बसलो, आणि... आला! अख्खा! चिंचपाडा, एकदम साफ! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. चिंचपाड्याच्या नावानं यंदा आलेलं पहिलं पाणी ते!

फाइल पाठवली मुरबाडच्या सुरेंद्रला. आमचा फ्लेक्सवाला, वाढदिवस असो नायतर उद्घाटन, बॅनर त्याचाच. मीटिंगला फ्लेक्स थेट सभागृहात बांधून मोकळा! बघतो तर वर सगळं झकास, आणि खाली... पुढारी! ओळीनं, हात जोडून, हसत! 'शुभेच्छुक'! बाहेर जाऊन फोन लावला, "सुरेंद्र, खालचं कुठं गेलं?" तर म्हणतो, "अरे, खाली मोकळी जागा होती ना, बरी दिसत नव्हती. नेहमीसारखी भरून टाकली. त्याचं वेगळं घेत नाय तुझ्याकडून!" अरे, मोकळी कुठली रे, ती आमची विहीर होती!

आत गेलो, म्हटलं, "साहेब, खाली आमचा चिंचपाडाबी आहे." साहेब म्हणाले, "कुठे? दाखवा." दाखवायला गेलो, तर बोट पडलं एका पुढाऱ्याच्या मिशीवर! आता तो फोटो फाडणार कोण? मॅडम मागून खुणावतायत, बस, बस... साहेबांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे तर चांगले सुखी दिसतायत! वरच्यांचे टँकर लिहून घ्या."

संध्याकाळी काकीचा फोन, "आला का रं आपला पाडा?"

काय सांगू? म्हटलं, "काकी, फोटो एवढा साफ आलाय की दात मोजून घे. तू हंडे घासून ठेव, रविवारी मी येतो पाणी वाहायला... नाव भगीरथ ठेवलंय ना!"