‘भिंगरी’बद्दल लोक काय म्हणतात

‘होय’च लिहा की साहेब. काय विचारलंय — ‘गायिकेनं पुन्हा पहिल्या ढंगात गावं का’ — होय. अख्ख्या लातुरात फिरा, नांदेडला जा, हेच सांगतील. तेवढं त्या मशिनीला टेकू नका, झेरॉक्सची हाय, सकाळपासून तापलीय — तो स्टूल घ्या, बसा. अन् जरा हळू बोला, वर क्लास चालू हाय. आता बघा, पाटीवर ‘खाजा म्युझिक सेंटर’, अन् कॅसेट ऐकवायची तर गिऱ्हाइकाच्या कानाला हेडफोन लावून! वर क्लास, बाजूला क्लास, मागं पोरींचं होस्टेल. मालक म्हणतो, खाजामियाँ, आवाज केला तर गाळा खाली करा. कुठं जाऊ? भूकंपाच्या वक्ताला हे गाव मदतीच्या गाड्यांनी भरलं होतं, आता बारावीच्या पोरांनी भरलंय, मधी माझ्यासारखा माणूस कुठं हलायचा? म्हणून बसलोय. सोळा वर्षं ह्याच दहा बाय आठमधी.

तर लोक काय म्हणतात. सिंधुची ही नवी कॅसेट, ‘भिंगरी’, येऊन दीड महिना झाला. पयल्या हप्त्यात रांग लागली — कशाला खोटं बोलू, सिंधुचं नाव बघून लागली — अन् दुसऱ्या हप्त्यात परत करायला रांग. हे वर शिकवायलेत ना, चन्नबसप्पा सर, त्यांनी कॅसेट अशी काउंटरवर आदळली. म्हणले, खाजामियाँ, हिच्यात दुःखच ठेवलं न्हाई हिनं! जसं काय चहात साखर टाकायची राहिली. शिवमूर्ती म्हणून निलंगा गाडीचा ड्रायव्हर हाय, तो काय म्हणतो — पयली ‘निजू नको’ लावली की औशापासून निलंग्यापर्यंत बाया पदर लावून रडायच्या, गाडीत चिटपाखरू बोलायचं न्हाई. आता ‘भिंगरी’ लावली की म्हाताऱ्या म्हणतात बंद कर रे ते मशीन, पोरगी बिघडली. बिघडली म्हणजे काय? तर ठेका वाढला. ढोलकी गेली, कीबोर्ड आला, अन् कव्हरवर पोरगी हसायली. हसायली हेच लई जणांना बोचलंय बघा. तोंडावर म्हणत न्हाईत, पण कव्हर हातात घेतात, उलटं करतात, सुलटं करतात, अन् ठेवून देतात.

चांगलं म्हणणारे? हाईत की. पण ते तुमच्या फॉर्मात बसतील का, काय की. बिलोलीची एक पोरगी येते, महामाया — डॉक्टर व्हायला आलीय, चौघीजणी मिळून एका खोलीत, एकीनं पाय लांब केले तर दुसरीनं आखडायचे. ती नोट्सच्या झेरॉक्सला आली, हेडफोन लावला, अन् म्हणली — काका, पयली सिंधु ऐकली की घर आठवतं, घर आठवलं की अभ्यास होत न्हाई. ही ऐकली की खोलीची भिंत जरा लांब सरकते. लिहा ना हे. न्हाई? ‘आवडली’, ‘ठीक’, ‘आवडली नाही’ — एवढंच हाय का तिथं? मग ‘आवडली’वर करा खूण. अठरा वर्षांच्या पोरीची एक खूण. असल्या लई पोरी येतात, पण त्या विकत घेत न्हाईत, इथंच उभ्या राहून ऐकतात अन् जातात.

तरीबी ‘होय’च. कारण म्हणजे — पुढच्या सप्टेंबरात दहा वर्षं होतील भूकंपाला. तुमच्या कंपनीला ‘निजू नको, भाग दोन’ काढायचाय, मला ठाऊक हाय, फोन आला होता. अन् सिंधु न्हाई म्हणायलीय, हेबी ठाऊक हाय. म्हणून तुम्हाला फॉर्म घेऊन धाडलं — लोकच म्हणायलेत बघ बाई, म्हणून तिच्यापुढं टाकायला. आन् करारात लिहिलेलं हाय म्हणे, तिला न्हाई म्हणता येत न्हाई. बरोबर हाय ना? मान हलवू नका, मला कळतं. तो करार होताना म्याच तिच्या बाजूला बसलो होतो. तिला म्याच काढली ना बाहेर!

बाहेर काढली म्हणजे ढिगाऱ्यातून न्हाई हो. गाण्यात काढली.

चौऱ्याण्णवची गोष्ट. तवा ह्याच गाळ्यातून माझा लाउडस्पीकरचा धंदा होता. पत्र्याच्या शेडात लोकांना ठेवलं होतं, तिथं कुणी पुढारी यायचा, कपडे वाटायचा, म्या भोंगे लावायचो. एकदा पुढाऱ्याला उशीर झाला अन् तिथल्या शाळेच्या मास्तरनं एका पोरीला माइकपुढं ढकललं. तेरा वर्षांची, सिंधु. आई, बाप, भाऊ, तिघं गेलेले. गायली. साहेब, म्या आवाज वाढवायचा विसरलो, असा हात तसाच. मग तिच्या मावशीला भेटलो नांदेडला, गोड बोललो, रेल्वे स्टेशनच्या मागं एका खोलीत भिंतीला गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं. चांगली गाणी होती, पाळण्याची, पेरणीची. कॅसेट काढली — कुणी हात लावला न्हाई. तवा घरोघर तसल्या पोरी होत्या, आई-बाप गेलेल्या. कोण कुणाचं ऐकणार?

मग म्या कव्हर बदललं.

तुम्ही वाचलंच असणार ते. ‘ढिगाऱ्याखाली नऊ तास — लहान भावंडाला जागं ठेवण्यासाठी ती गात राहिली.’ अन् ‘निजू नको गं बाई, दिस उगवू दे’ हे गाणं नवीन टाकलं त्याच्यात. बास. तिथून पुढं तुम्हाला माहितीच हाय. निलंगा, उदगीर, नांदेड, सोलापूर, मग तुमची मुंबई.

खोटं होतं ते. हाव. आता निघालंच तोंडातून तर — खोटं होतं. सिंधु त्या दिवशी नांदेडला होती, मावशीकडं. तिच्या अंगावर एक खडाबी पडला न्हाई. तिच्या हातावर तो डाग हाय ना, मनगटाजवळ — तेलाचा हाय, भजे तळताना उडालेलं. निवेदक स्टेजवर तिचा हात वर धरायचे अन् लोक रांगेनं येऊन त्या डागाला हात लावायचे. नांदेडच्या मैदानावर एक बाई आली, मेलेल्या लेकराचा फोटो घेऊन. म्हणली, माझंबी असंच आत होतं गं, त्यालाबी कुणी गाणं म्हणलं असंल का? अन् ही सतरा वर्षांची पोर काय सांगणार? म्हणली, हाव मावशी, म्हणलं असंल. खाली उतरली अन् गाडीत बसून ओकली. मला म्हणली, चाचा, पुढच्या बारीला म्या खरं सांगते, म्या तिथं नव्हते म्हणून सांगते. म्या काय म्हणलं? म्हणलं, लोक दगडं मारतील. तुला न्हाई, मला मारतील. घरी बायको हाय माझ्या. तवा ती गप बसली ती बसलीच, चार वर्षं.

तुम्ही विचाराल, पयल्यांदाच का न्हाई म्हणली न्हाई? तेरा वर्षांचं लेकरू साहेब. अन् खरं सांगू — तिला ते अर्धं पटलंच होतं. घरचे सगळे आत, अन् आपण तेवढे मावशीकडं पोळ्या खात. आपण तिथं असायला पाहिजे होतो, हे तिच्या डोक्यात होतंच. म्या फक्त म्हणलं, तू होतीस. ती आत गेली अन् म्या वरून माती लोटली, असं झालं ते.

म्हणून हे ‘भिंगरी’. तिनं कीबोर्डवाल्याला काय सांगितलं माहिती हाय? फोनवर मला स्वतः म्हणली — चाचा, म्या त्याला म्हणलं, असा ठेका दे की ज्याच्यावर ती गोष्ट सांगताच येणार न्हाई. आता चन्नबसप्पा सरांना कसं सांगू, दुःख ठेवलं न्हाई ते कशामुळं!

काय? न्हाई न्हाई, गोष्ट माझ्या मनची न्हाई. एवढी अक्कल कुठली मला. नऊ तास म्हणजे नऊ तासच, ते खरं हाय. गाणंबी खरं हाय. म्हणजे — घडलेलं हाय, पण तिचं न्हाई.

पाणी घ्या. घ्या ना, म्याबी घेतो.

रजियाचं हाय ते. माझ्या बायकोचं. औशाकडं माहेर तिचं, भूकंपाच्या राती तिथंच होती, गणपती बुडवून लोक झोपलेले, अन् हे असले माळवदाचे वाडे, हात हात माती वरती. रजिया अन् तिची धाकटी बहीण रुखसार, अकरा वर्षांची, एका वाकळंवर झोपलेल्या. म्या लातुरात. सकाळी टेम्पो घेऊन पोचलो तर गल्लीच न्हाई, सगळं सपाट. हातानं उकरायला लागलो. अन् कुठून तरी खालून गाणं यायला लागलं. म्हणलं, माझंच डोकं फिरलं. दुपारी एकला काढली तिला. रुखसारचा हात हातात. ती केव्हाच गेली होती, दिस उगवला तवाच गप झाली होती म्हणे — अन् हिला कळलं होतं, हात गार पडला होता. तरी ही गातच होती. दवाखान्यात एकदाच सांगितलं तिनं मला, गाण्याचे शब्द बी सांगितले. एकदाच. परत कधी तोंड उघडलं न्हाई त्याच्यावर. आईला सांगितलं न्हाई, बापाला न्हाई. मला सांगितलं.

अन् म्या ते छापलं.

विचारलं न्हाई तिला. विचारलं असतं तर न्हाई म्हणली असती, म्हणून विचारलं न्हाई. तिला कुठं कळलं — बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर. भाजी घेऊन उभी होती, अन् टपरीवाल्यानं नवीन कॅसेट लावली. घरी आली, पिशवी ठेवली, अन् मला म्हणली — आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो — म्हणली, “ये मेरा था।” एवढंच. ना रडली, ना भांडली. त्या दिवसापासून दुकानात पाऊल न्हाई तिचं. भूकंपापासून ती छताखाली झोपत न्हाई, अंगणात पत्रा टाकून दिलाय, पावसाळ्यात बी तिथंच — त्याचं म्हणत न्हाई म्या, तसले लई हाईत गावात. पण पयले मला हाक मारायची, चहा झाला म्हणून, पाणी तापलं म्हणून. आता ताट सरकवते. म्याबी जेवतो अन् उठतो. घरी ती, दुकानात तिचंच गाणं — उतरायचं कुठं माणसानं? आठ वर्षं लोक येऊन मागायचे, ‘निजू नको’ द्या, अन् म्या द्यायचो. हसून द्यायचो.

ऐका आता, हे शेवटचं, मग जा तुम्ही. ‘भिंगरी’चा नमुना आला, तो म्या डब्याच्या पिशवीत टाकला होता, चुकून घरी गेला. दुसऱ्या दिवशी रातच्या जेवायला लवकर गेलो, तर घरातून आवाज. बातम्यांपुरता ठेवलेला टेप हाय, त्याच्यावर. बाहेरच उभा राहिलो, चपला न काढता. रजिया भाकरी थापायली होती, कॅसेट फुल आवाजात. मला बघून थांबली न्हाई. म्हणली, ही सिंधुच ना? म्हणलं, हाव. म्हणली, ह्याच्यात ते न्हाई. म्हणलं, न्हाई. मग पिठाचा हात तसाच धरून म्हणली — पोरीनं माझं माघारी दिलं. तुम्हाला जमलं न्हाई ते. अन् म्हणली, फिरवा ती कॅसेट, दुसरी बाजू लावा. आठ वर्षांत मला पयल्यांदा काही तरी करायला सांगितलं तिनं. म्या चपलांसकट आत गेलो अन् दुसरी बाजू लावली.

म्हणून म्हणतो, ते ‘होय’ खोडा. खोडा हो. ‘न्हाई’ लिहा. म्या आधी ‘होय’ का म्हणलं? भाग दोन आला तर म्याबी येतो ना त्याच्यात, मूळ पुरुष म्हणून — कव्हरवर आभार, अन् ह्या गाळ्यातून बाहेर पडायचा एक रस्ता. तेवढ्यासाठी. रात्रभर विचार करून ठरवलं होतं, आता तुम्हाला सांगता सांगता मोडलं. सिंधुला सांगा, लातूरवाले ‘न्हाई’ म्हणायलेत. चन्नबसप्पा सर अन् शिवमूर्ती सोडून सगळे.

काय लिहायलात? एवढं काय लिहायलात? — न्हाई, थांबा. कॅमेरा कशाला काढायलात? माझा फोटो?

रजियाचा?

न्हाई साहेब. ‘खरी कहाणी’ काय, ‘दहा वर्षांनी पयल्यांदा’ काय — हे शब्द मला शिकवू नका, म्याच छापलेत ते. सिंधु सुटंल म्हणता? खरी बाई मिळाली की पोरगी सुटंल, असं? एकीला काढायला दुसरीला परत आत लोटू? आन् पैशाचं बोलूच नका, आकडा दाखवायचं ते बोट खाली करा. घर कुठं हाय ते म्या सांगणार न्हाई, अन् गल्लीत कुणी सांगितलं तर दारात म्या उभा असंन. तो कागद द्या इकडं. फॉर्म न्हाई हो, तो तुमचा — दुसरा, आत्ता लिहिलेला. द्या. फाडतो म्हणजे फाडतो, कंपनीला काय सांगायचं ते सांगा.

उठा. स्टँड डाव्या हाताला, पाच मिनिटं. स्टूल राहू द्या, म्या उचलतो. जा म्हणलं ना.