धुराडं नसलेलं घर

फिन्टन : बादली दे इकडे.

ओर्ला : आधी तू वर ये. दोन मीटर खोल आहे तो खड्डा. कड ढासळली तर घराआधी तुझं थडगं बांधायला लागेल मला.

फिन्टन : दोन वाजता त्या हेशनबाई येतायत तपासायला. तोवर हे गुडघाभर पाणी उपसून टाकायला हवं. दे म्हणतो ना!

ओर्ला : आणि तळाचा चिखल? तो काय फडक्याने पुसणार? बाई वीस वर्षं हेच काम करतायत. जमिनीतून पाणी वर येतं की नाही, त्यांना लांबूनच कळतं.

फिन्टन : वर येतं? हे वर आलेलं नाही, ओर्ला. हे कोणीतरी ओतलंय.

ओर्ला : झालं सुरू.

फिन्टन : नीट बघ तरी. मंगळवारी डोनलच्या जेसीबीने खड्डा खणला. काल सकाळी मी स्वतः फळ्या उचलून पाहिलं. तळ कसा, बिस्किटासारखा कोरडा. बारा दिवस पावसाचा थेंब नाही, अख्ख्या आयर्लंडात लोक उन्हाने लाल झालेत, आणि आज इथे पाणी? बरं, रंग बघ. तुमच्या या रॉसकॉमनच्या मातीतून झिरपलेलं पाणी कसं असतं?

ओर्ला : चहासारखं.

फिन्टन : आणि हे? तळाचा खडा न् खडा दिसतोय. नळाचं आहे हे. तीन भिंती वरून खालपर्यंत कोरड्या ठणठणीत, फक्त या एका अंगाला ओघळ. गुरांच्या हौदाची नळी इथवर पोचते. पावलांनी मोजून आलोय मी.

ओर्ला : आलास मोठा फौजदार. दुकानांचे फ्रिज दुरुस्त करता करता हे कधी शिकलास?

फिन्टन : फ्रिज गळला की दुकानदार म्हणतो, आपोआप गळला. आपोआप काही गळत नसतं. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि सांगत नसतं.

ओर्ला : मग? कोणी केलं हे?

फिन्टन : तुझ्या भावाने.

ओर्ला : डोनलने?

फिन्टन : या रानातलं गवत कोण कापतं? डोनल. इथे आपलं घर झालं तर कोणाच्या गुरांचा हिवाळ्याचा चारा जाणार? डोनलच्या. खड्डा खणताना तोंड बघितलंस त्याचं? घरात सुतक असल्यासारखं.

ओर्ला : त्याचं तोंड लग्नातही तसंच होतं. स्वतःच्या.

फिन्टन : हसू नकोस गं. हा खड्डा नापास झाला तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. शोषखड्डा चालणार नाही म्हणजे सेप्टिक टँक नाही. टँक नाही म्हणजे काउंटी ऑफिसची परवानगी नाही. मी पडलो लिमरिकचा, शहरातला. इथे रानात घरच्या लेकरालाच बांधू देतात, तेही घरच्याच जमिनीत. म्हणजे तू, आणि म्हणजे हेच रान. दोन हिवाळे काढले त्या पत्र्याच्या केबिनमध्ये, उशीला बुरशी येते आपल्या. ऑगस्टमध्ये बाळ येतंय. त्याला त्या डब्यात झोपवणारेस?

ओर्ला : मला सांगतोयस? पोट माझं आहे.

फिन्टन : फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांचा नकाशा चौथ्यांदा काढलाय मी. बाळाच्या खोलीत दीडपट नळी टाकलीये. आणि इकडे हा माणूस खुशाल नळी सोडून जातो!

ओर्ला : फिन्टन, फळ्या तूच काढल्यास ना आत्ता?

फिन्टन : हो. का?

ओर्ला : जशा तू काल ठेवल्या होत्यास, तशाच होत्या?

फिन्टन : मी नुसत्या टाकल्या होत्या. आज वर दगड होते. चार कोपऱ्यांना चार.

ओर्ला : चार.

फिन्टन : काय झालं?

ओर्ला : काही नाही.

फिन्टन : तुझं "काही नाही" मला कळतं. चोरी करायची आणि वर फळ्या उडू नयेत म्हणून दगड ठेवायचे. हे कसलं?

ओर्ला : उडू नयेत म्हणून नाही. कोकरू आत पडू नये म्हणून. डोनल असं करत नाही, तो गोठ्याचं दारसुद्धा लावत नाही. बाहेर ये. बाबा येतायत.

मॅलकी : चहा आणलाय. पावाला लोणी लावलंय जरा जास्त, ओर्ला, तुला आता दोघांचं खायचंय. आणि जावईबापू खड्ड्यात काय करतायत? बेडूक पकडतायत?

फिन्टन : पाणी लागलंय, मॅलकी.

मॅलकी : लागायचंच. जमीन आहे.

फिन्टन : तुम्हीच तर म्हणाला होतात, सोन्यासारखं रान आहे.

मॅलकी : गवताला, बाबा रे. गवताला सोन्यासारखं. वर ये, कप धर. काय रे, त्या तुझ्या घराचा नकाशा पाहिला मी काल. ओर्लाने दाखवला. सगळं आहे त्यात, एक गोष्ट राहिलीये.

फिन्टन : धुराडं.

मॅलकी : धुराडं! राहिलंय ना?

फिन्टन : राहिलेलं नाही. नाहीच आहे. हीट पंप बसवतोय आपण. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतो. समजा, उलटा फ्रिज.

मॅलकी : फ्रिजने घर तापवणार.

ओर्ला : बाबा, तीनदा सांगून झालंय त्याचं.

मॅलकी : चौथ्यांदा सांगू दे, मला मजा येते. आणि फेब्रुवारीत तारा तुटून तीन दिवस वीज गेली, की तुझा फ्रिज काय करणार? मी आपला दलदलीतून कापून आणलेल्या पीटच्या विटा शेगडीत टाकीन आणि पाय शेकत बसेन. तुम्ही बाळाला घेऊन येणार माझ्याकडेच. या हं. पण सकाळी उठल्यावर मला कसं कळणार, तुम्ही उठलात की नाही? धूर दिसला की कळतं, घरात माणूस आहे.

फिन्टन : धुराचं नंतर बघू. काल दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा डोनल इकडे आला होता का?

मॅलकी : डोनल? नाही बुवा. तो बाजाराला गेलेला, वासरं घेऊन.

फिन्टन : किती वाजता परतला?

ओर्ला : फिन्टन, पुरे.

फिन्टन : का पुरे? फोन करतो त्याला. सरळ विचारतो. आणि नाही म्हणाला तर हेशनबाईंसमोर विचारतो. नळी दाखवतो, ओघळ दाखवतो. सगळ्या गावाला कळू दे, सख्ख्या बहिणीचं घर कोण बुडवतंय.

मॅलकी : फोन ठेव.

फिन्टन : नाही ठेवणार.

मॅलकी : ठेव म्हणतो ना. त्या पोराला यातलं काही ठाऊक नाही. मी सोडली नळी.

फिन्टन : तुम्ही?

मॅलकी : सव्वादोनपासून चार वाजेपर्यंत. बसायला घमेलं उपडं घालून घेतलं होतं. नंतर दगड ठेवले.

ओर्ला : वाटलंच मला.

फिन्टन : तुला वाटलं? आणि तू बोलली नाहीस? काय चाललंय काय तुमच्या घरात? मॅलकी, रान तुम्ही दिलंत. लग्नाच्या जेवणात, दोनशे माणसांसमोर ग्लास वाजवून, उभं राहून दिलंत!

मॅलकी : दिलं. खोटं दिलं.

ओर्ला : बाबा...

मॅलकी : बोलू दे. फिन्टन, त्या कडेला वाक. खड्ड्याच्या डाव्या भिंतीत एक खिळा ठोकलाय बघ. दिसला? काल चार वाजता पाणी खिळ्यापर्यंत होतं. आता कुठे आहे?

फिन्टन : खिळ्यापर्यंत.

मॅलकी : साडेएकोणीस तास झाले. बोटभर उतरलं नाही. ही माती पाणी पीत नाही रे. खाली निळी चिकणमाती आहे, कुंभाराला द्यावी अशी. वर हातभर बरी आहे, ती सध्या उन्हाने तडकलीये. बाईंनी वर छोटे खड्डे करून पाणी ओतलं असतं, तर ती घटाघटा प्यायली असती. बाईंनी पास केलं असतं. तुम्ही घर बांधलं असतं. आणि जानेवारीत तुमच्याच संडासाचं पाणी या गवतात, बाळ रांगतं तिथे, वर येऊन थांबलं असतं. हे रान मे महिन्यात सगळ्यांना फसवतं. मलाही फसवलं होतं, एकसष्ट साली बापाने दाखवलं तेव्हा. पाणथळीत उगवणारा लव्हाळा दर सप्टेंबरला मी कापतो, म्हणून दिसत नाही कोणाला.

फिन्टन : मग तोंड नव्हतं का तुम्हाला? सांगायचं होतं! नळी कशाला?

मॅलकी : मी सांगितलं असतं, तर ओर्ला म्हणाली असती, मग वरचं द्या.

फिन्टन : वरचं म्हणजे रस्त्यालगतचं? ते रेताड, उताराचं? तिथे तर सहज पास होईल. मी तेच म्हणत होतो पहिल्या दिवसापासून!

मॅलकी : ते कॉनरचं आहे.

फिन्टन : तुमचा तो मुलगा चौदा वर्षं ऑस्ट्रेलियात आहे!

मॅलकी : त्याची आई शेवटच्या दिवसांत म्हणाली, मॅलकी, वरचं रान कॉनरला ठेव, घर बांधायला जागा असली तर परत येईल पोरगा. मी हो म्हणालो. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द आहे. स्वतःहून मोडायचा कसा? पण बाईंनी कागदावर लिहून दिलं असतं की खालचं नापास, तर कॉनरला सांगता आलं असतं, माझा इलाज चालला नाही बाबा, सरकारचाच कायदा आडवा आला. म्हणून वाट बघत होतो, खड्ड्यात आपोआप पाणी येईल. तर हे मेलं ऊन!

फिन्टन : म्हणजे तुम्हाला वरचं आम्हालाच द्यायचं होतं?

मॅलकी : पहिल्यापासून.

फिन्टन : देवा रे. आणि मी डोनलला चोर ठरवून बसलो.

मॅलकी : त्याला तू पेंढ्याची गाडी उतरवू लाग. तेवढं पुरे. ओर्ला, रागावलीस? रागाव. चौदा वर्षं मला दवाखान्यात नेणारी तू, माझ्या गोळ्या लावून ठेवणारी तू, आणि ओलं रान तुझ्या पदरात टाकलं मी. बोल काहीतरी.

ओर्ला : मला लव्हाळा दिसत होता, बाबा.

मॅलकी : काय?

ओर्ला : इथेच वाढले मी. मला कळत नाही का, लव्हाळा कुठे येतो ते? तुम्ही कापता तेही माहीत होतं. मीच तिकडे बघत नव्हते. पास होऊ दे, होऊ दे, एवढंच म्हणत होते मनात.

फिन्टन : तुला माहीत होतं? आणि मी चार चार नकाशे काढत होतो? वरचं माग म्हणून किती वेळा सांगितलं तुला! दर वेळी म्हणालीस, नको, बाबांना विचारू नको.

ओर्ला : कारण विचारलं असतं तर बोलणं कॉनरवर आलं असतं.

फिन्टन : मग येऊ द्यायचं!

ओर्ला : आणि बाबांनी विचारलं असतं, कॉनर येतोय ना गं? तर मी काय सांगितलं असतं? मला खोटं बोलता येत नाही त्यांच्याशी. गप्प राहता येतं फक्त.

मॅलकी : काय सांगितलं असतंस?

ओर्ला : राहू द्या, बाबा.

मॅलकी : ओर्ला.

ओर्ला : त्याने तिकडे घर घेतलंय. दोन वर्षं झाली. मुलं तिथल्या शाळेत रमलीत. म्हणाला, बाबांना तू सांगू नकोस, मी सांगतो, पुढच्या नाताळला आलो की. दोन नाताळ गेले. तुम्ही दर रविवारी वरच्या रानाचं फाटक रंगवता, कुंपण नीट करता. ते बघून माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. मला वाटलं, आपण खाली बांधू. ओलं तर ओलं. बाबांना वाट तर बघता येईल.

(मॅलकी फळ्यांच्या ढिगावर बसतो.)

फिन्टन : मॅलकी, चहा घ्या. गार होतोय.

मॅलकी : दोन वर्षं म्हणजे, त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला फोन केला होता त्याने, तेव्हा घेतलेलं होतं?

ओर्ला : हो.

मॅलकी : तेव्हा मी त्याला विहिरीचं पाणी कसं गोड लागलंय ते सांगत होतो. वरच्या रानातल्या. अर्धा तास सांगत होतो. तो म्हणाला, छान, बाबा.

ओर्ला : त्यालाही वाईट वाटतंच.

मॅलकी : वाटेल ना. माझाच मुलगा आहे, तोंड उघडायला जड जातं. फिन्टन, बाई किती वाजता म्हणालास?

फिन्टन : दोन वाजता. मी सांगतो त्यांना खरं काय ते. हवं तर माझ्यावर घेतो.

मॅलकी : काही घेऊ नकोस. मी सांगेन, म्हाताऱ्याने नळी सोडली, आणि खिळाही दाखवीन. मग त्यांना वर घेऊन जाऊ. डोनलला फोन कर तू. चोर म्हणायला नाही, जेसीबी घेऊन ये म्हणून सांगायला. कुठे खणायचं ते मी दाखवतो, फाटकापासून चाळीस पावलं. तिथे घर झालं की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

फिन्टन : करतो. आणि मॅलकी, ते धुराडं... नकाशा पाचव्यांदा काढायचाच आहे आता.

मॅलकी : ओर्ला, त्याच्या घराचा फोटो असेल तुझ्या फोनमध्ये.

ओर्ला : आहे.

मॅलकी : दाखव. लांब धर जरा, चष्मा घरी राहिला. हं. मोठं आहे. हे पुढे पिवळं काय, लिंबं?

ओर्ला : लिंबं. अंगणातच येतात.

मॅलकी : आणि हा धाकटा. दात पडलेत की याचे. या घराला धुराडं कुठे दिसत नाही गं?

ओर्ला : नाही, बाबा. तिकडे लागत नाही.