मुदतवाढ

—नाही, पंखा नको लावू, कापड उडतं. तिकडे बस, मशीनच्या पलीकडे. कळलं मला तू काय म्हणालास, बहिरी नाही झाले अजून. गृहमंत्री तुझ्या ओळखीचे, तू शब्द टाकलास, उद्या संध्याकाळी तुझे भाऊजी घरी. एकटेच. बाकीचे तिघं आतच. आणि त्याच्या बदल्यात तू सभागृहात गप्प बसायचं — बदल्यात असं तू म्हणाला नाहीस, मीच म्हणतेय.

काय केलं होतं रे त्यांनी? ब्रेक न लागणाऱ्या बस रस्त्यावर सोडणार नाही म्हणाले, एवढंच. आगारातले चौघं मेकॅनिक — म्हणाले तेही वर्तमानपत्रवाल्यासमोर. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच उचललं. डबा अर्धा तसाच परत आला, मी घासून ठेवला. कोर्ट नाही, वकील नाही, आरोप काय तेही नाही — सरकारनं हुकूम काढलाय म्हणे, वरून सही झाली की माणूस आत. आता त्या हुकमाची मुदत संपतेय, आणि ती वाढवायची तर तुम्हा आमदारांना विचारावं लागतं. लागतं ना? मग? तुम्हाला तिथं पाठवलंय कशाला, बाकं तापवायला? निवडून आलास तेव्हा तुझा कोट मीच शिवला, म्हणून नाही सांगत. उभा राहा आणि विचार — कुणाकुणाला ठेवलंय, कशासाठी ठेवलंय, कोर्टात का उभं करत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत मुदतवाढीला हात वर करू नकोस. सरकार तुझ्याच पक्षाचं आहे, माहितीये मला. म्हणून तर तू विचारायचं. विरोधकांनी विचारलं तर कुणी मान वर करूनही बघत नाही.

तिकीट कापतील म्हणतोस. कापतील. मी रडत नाहीये बघ, मला रडूच येत नाही हल्ली. शेजारची — तिचा नवरा त्या तिघांतलाच — रोज येऊन रडते इथं, आणि मी आपली काजं करत बसते. उद्या हे एकटेच आले, तर जिन्यात तिच्यासमोरून कशी जाऊ मी?

त्यांना विचारलं का म्हणतोस? भेटले ना मी परवा. काचेच्या पलीकडे होते. पाय सुजलेत, चप्पल जात नाही पायात. म्हणाले, घरी कधी नेतेस? मी म्हटलं, बघू. तुझं हे सगळं तेव्हा कानावर आलं होतं माझ्या, तुझ्या बायकोनं सांगितलं होतं — पण बोलले नाही त्यांच्याशी. बोलले असते तर हो म्हणाले असते रे. लगेच हो म्हणाले असते.

असा बघू नकोस माझ्याकडे. मंत्र्यांना सांग, बहीण नको म्हणाली. नवऱ्याला न विचारता नको म्हणाली, असंही सांग हवं तर.

ऊठ आता. या बाह्या जोडायच्यात मला.