हेमांगीनं अडवलेला नारळ

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. खारदांड्याहून एवढ्या लांब मुलुंडला आलास, हेमांगीच्या आईला, आमच्या काकींना, घेऊन आलास, नितीन, तुझे आभार कसे मानू मला कळत नाही. आभार मानायची ही जागाही नाही.

मी संदीप परब. हेमांगी तांडेल आणि मी, आम्ही दोघांनी ही टूर कंपनी चालवली. चौदा वर्षं. ती कामाची बाजू बघायची, मी विकायची बाजू बघायचो. मला बोलायची सवय आहे, बोलण्यावरच माझं पोट आहे. पण सकाळपासून तीन वेळा कागद लिहिला आणि तिन्ही वेळा फाडला. आता कागद नाही. जे येईल ते बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आतापर्यंत चौघं बोलले. चौघांनी सांगितलं, हेमांगी हसतमुख होती. अहो, कुठली हसतमुख? चिडकी होती ती. माझ्यावर रोज चिडायची. आणि बहुतेक वेळा बरोबर चिडायची, हाच तर त्रास होता.

आणि मी पण चिडलोय. बर्फाच्या समुद्रातून धडधाकट परत आलेली बाई. चव्वेचाळीस वर्षांची. तिला काय व्हावं? डेंग्यू. नऊ दिवसांत संपलं सगळं. आठव्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये म्हटलं, "हेमा, लवकर बरी हो, सीझन आलाय." सीझन! माणूस काय बोलतो बघा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, ती अंटार्क्टिकाला सारखी जायची. नाही. अकरा वर्षं तिनं लोकांना तिकडे पाठवलं आणि स्वतः एकदाही गेली नाही. ती इथे बसून लोकांना तयार करायची. आमच्या ऑफिसच्या वर जो हॉल आहे, तिथे ग्रुप निघायच्या दोन आठवडे आधी ती सगळ्यांना बोलवायची. आणि सांगायची, जॅकेट आणा, बूट आणा, बॅगा आणा, मोजेसुद्धा आणा. लोकांना वाटायचं, कपडे बरोबर घेतलेत की नाही ते बघणार असेल. ही व्हॅक्यूम क्लीनर घेऊन बसायची! व्हॅक्यूम क्लीनर आणि भुवया कोरायचा चिमटा. खिसे उलटे करायची. जॅकेटच्या व्हेल्क्रोत अडकलेली गवताची कुसळं एकेक करून उपटायची आणि पांढऱ्या कागदावर ठेवायची. लोकांना दाखवायची. "हे बघा काका, हे तुमच्या येऊरच्या पिकनिकचं. हे तिथे रुजलं तर काढणार कोण? तुम्ही येणार परत?"

लोक हसायचे. एक बाई म्हणाल्या होत्या, "अहो, आम्ही फिरायला चाललोय की ऑपरेशनला?" मी पण हसलो होतो. त्या बाई आज इथे आहेत. राग मानू नका ताई, मी तुमच्यापेक्षा जास्त हसलो होतो.

तिचे नियम पाठ झाले होते सगळ्यांना. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. तो तुमच्याकडे आला तर तुम्ही थांबायचं, रस्ता त्याचा आहे. खाली बसायचं नाही, बॅग खाली ठेवायची नाही, पक्ष्यांमध्ये रोग पसरलाय. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं, म्हणून जहाज लहान घ्यायचं. मोठं जहाज स्वस्त पडतं म्हणून मी किती वेळा तिच्या मागे लागलो! ती म्हणायची, "मोठ्या जहाजातून माणूस खिडकीतून बघून परत येतो. नाहीतर रांगेत उभा राहून राहून वेडा होतो आणि मग नियम मोडतो. तुला कुठला पाहिजे?"

एकदा मला म्हणाली, "संदीप, आपण लोकांना तिथे न्यायलाच पाहिजे का रे?" मी म्हटलं, "मग काय, शटर खाली ओढू?" मग म्हणाली, "नको ओढू. पण गेलो तर नीट जाऊ." आमच्या पुस्तिकेवर पहिल्या पानावर 'जबाबदार प्रवास' असं मोठ्या अक्षरात छापलंय ना? ते मी छापलं. छान दिसतं म्हणून. पाळायचं काम तिच्याकडे होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत आमचा टूर मॅनेजर घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावरून पडला, घोटा मोडला. ग्रुप निघायला चार दिवस. व्हिसा फक्त हेमाचा तयार होता, दर वर्षी ती काढून ठेवायची, लागलाच तर म्हणून. ती गेली. अकरा वर्षांनी.

तिकडून मला व्हॉइस मेसेज आला होता. वाटेत दोन दिवस समुद्र असा खवळतो की जहाजावर सगळे आडवे होतात. ही म्हणते, "सगळे उलट्या करतायत रे. मी एकटी जेवायला बसलेय. बाबांच्या बोटीवर याच्यापेक्षा जास्त हलायचं." इतकं खूश मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग तो नारळ.

हे आता मला सांगायचंच आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना चुकीचं माहीत आहे.

आमच्या ग्रुपमध्ये घाटकोपरचे दळवी साहेब होते. निवृत्त झालेले. त्यांच्या मॅडमचे गुडघे गेलेले, त्यामुळे एकटेच आले होते. निघताना मॅडमनी त्यांच्या बॅगेत लोकरी टोपीत गुंडाळून एक नारळ ठेवला. "माझ्या नावानं तिथल्या समुद्राला द्या." एवढंच. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. हेमानं बोरिवलीच्या, मुलुंडच्या, सगळ्यांच्या बॅगा तपासल्या होत्या. पण नारळ ठेवला गेला निघायच्या दिवशी.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उतरायचं होतं. जहाजावरून रबरी होडीत बसायचं, होडीत दहा माणसं. अर्ध्या वाटेत दळवी साहेबांनी जॅकेटमधून नारळ काढला. बाकीच्यांनी मोबाईल काढले. कुणीतरी जयजयकार केला. आणि हेमानं त्यांचा हात धरला.

साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही तर कोळ्यांच्या! तुमच्या घरी नारळी पौर्णिमेला काय करतात?"

ती म्हणाली, "आमच्या घरी समुद्राला नारळ देतात साहेब, कारण आम्ही त्याच्यावर जगतो. त्याची आमची ओळख आहे. इथे आपण पाहुणे आहोत. इथे काही टाकायचं नाही."

"एक नारळ टाकल्यानं काय बिघडतं?"

"तुमच्या मागे अजून किती होड्या आहेत बघा. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आहे."

नारळ तिनं घेतला. जहाजाच्या लोकांनी नियमाप्रमाणे साहेबांना त्या दिवशी जहाजावर परत पाठवलं. बाकीचे उतरले, साहेब खिडकीत बसले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली, तो दिवस असा गेला. मी त्यांच्या जागी असतो तर मला पण संताप आला असता. हे मी मनापासून बोलतोय.

पण जो व्हिडिओ फिरला, त्यात फक्त हात धरलेला दिसतो. ती काय म्हणाली ते ऐकूच येत नाही, वारा ऐकू येतो. इकडे माझा फोन तापला. 'तुमची बाई देवाचा नारळ हिसकावते.' ओळखीचे, नातेवाईक, नको नको ते लिहायला लागले. दोन ग्रुप रद्द होतील अशी भीती वाटली मला. आणि मी काय केलं?

दळवी साहेबांना माफीचं पत्र गेलं. हेमांगीच्या ईमेलवरून, हेमांगीच्या सहीनं. 'माझ्याकडून उद्धटपणा झाला, आपल्या भावना दुखावल्या, मी क्षमा मागते.' ती तेव्हा जहाजावर होती. तिथे नेट धड चालत नव्हतं. ते पत्र तिनं लिहिलंच नाही. मी लिहिलं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला दिसलं. माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "माझ्या नावानं माफी मागितलीस?"

मी म्हटलं, "धंदा आहे यार. समजून घे ना."

"मग खरं सांग त्यांना."

"सांगतो. जरा थंड होऊ दे."

थंड होऊ दे! पावणेदोन वर्षं थंड होऊ दिलं मी. वर तिला हॉलमधल्या त्या तपासणीतून बाजूला काढलं. म्हटलं, लोक तुझ्यावर नाराज आहेत, तू व्हिसाचं बघ. तिच्या दोन तासांच्या जागी आम्ही मोबाईलवर चार पानं पाठवायला लागलो. कोण वाचतं? पुढच्या सीझनला जहाजावर आमच्या लोकांच्या बॅगा उघडल्या, तर खिशांत बडीशेप, शेंगदाण्याची टरफलं, बुटांत माती. सगळा ग्रुप अडकून पडला. जहाजवाल्यांचं पत्र आलं, 'तुमची माणसं आधी सगळ्यांत स्वच्छ यायची. यंदा काय झालं?' ते पत्र मी तिला दाखवलं नाही. का दाखवलं नाही? लाज वाटली, दुसरं काय!

काल मी खारदांड्याला काकींकडे गेलो. त्यांना हे सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. दारात बसल्या होत्या. मी सुरुवात केली, तर मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "मना म्हायत हाय. तिनं सांगितलेलं. मी म्हटलं, सोड ती कंपनी. ती बोलली, नाय आई, संदीप सांगेल. त्याला जरा येल लागतो."

एक मिनिट.

तर. दळवी साहेब, तुम्ही आलात. सहाव्या रांगेत बसलाय, मी बघितलं. मॅडम पण आल्यात, जिना चढून. तुमच्याकडे येऊन पावणेदोन वर्षांपूर्वी जे सांगायचं होतं ते ह्या सगळ्यांसमोर सांगतो. ते पत्र खोटं होतं. हेमांगीनं माफी मागितली नव्हती, कारण तिची चूक नव्हती. चूक माझी. तुमच्याशी खोटं बोललो तोही मी, आणि तिला तुमच्या नजरेत खाली पाडलं तोही मी. तुम्हाला माझ्यावर ओरडायचं असेल तर सभेनंतर थांबतो.

पुढच्या महिन्यात आमची सव्वीस माणसं जायची आहेत. तिची वही माझ्याकडे आहे. अर्धी पानं लिहिलेली, अर्धी अशा खुणांनी भरलेली की तिच्याशिवाय कुणाला कळणार नाहीत. मी परवा रात्रभर, सॉरी, खोटं नको, परवा तासभर घेऊन बसलो. कळलं नाही. विचारायला माणूस नाही. कुणाला फोन करू? हाच राग आहे माझा. जी शिकवायला तयार होती तिला मी दोन सीझन व्हिसाचे फॉर्म भरायला बसवलं.

शनिवारी चार वाजता वरच्या हॉलमध्ये मी त्या सव्वीस जणांना बोलावलंय. जमेल तसं करणार. चुका होतील. तुमच्यापैकी जे तिच्यासमोर बॅग उघडून बसले होते, त्यांना आठवत असेल काय काय करायची ती. या. मला सांगा.

आता सगळे उभे राहू या. काकी, तुम्ही बसा, नितीन त्यांच्याजवळ राहा. मन शांत करा असं मी म्हणणार नाही, माझं झालेलं नाही. फक्त गप्प राहू. ती शेवटच्या माणसाची बॅग होईपर्यंत जागची हलायची नाही, तेवढं दोन मिनिटं आपल्यालाही जमेल.

हेमांगी बाळाराम तांडेल, तुला माझा नमस्कार.