पवनचा लाल स्विच

नीलाबाई : हा नाई. दुसरा वाजव.

अश्वजित : बाई, हा पिवळ्या स्विचचा कीबोर्ड होता. आता काळा ऐका.

नीलाबाई : मले दिसत नाई, भाऊ. रंग नको सांगू.

रंजीता : मी दाबते, आत्याबाई. ऐका.

नीलाबाई : चिखलात पाय पडल्यावानी वाजते हा. माह्या पोराचा, पवनचा असा नव्हता.

अश्वजित : मंग हा लाल. पवनभाऊले मीच बसवून देल्ता. तोच स्विच, त्याच कंपनीचा.

नीलाबाई : मंग याच्यात तो काऊन नाई?

रंजीता : भाऊ, पावसाळ्यात ताप आला त्यायले, रस्ता बंद. दवाखान्यात नेता नाई आलं, घरीच वारले. कीबोर्ड तसाच पडून राह्यला, ओल लागली, कळा चिकटल्या. आता भामरागडचं त्यायचं टायपिंगचं केंद्र मीच चालवते. दुसऱ्या कीबोर्डावर टाइप करून राह्यली का ह्या आत्याबाई दाराशी येतात, ऐकतात, वापस जातात. म्हणून चंद्रपूरले आणलं.

अश्वजित : वहिनी, ह्या लिनियर स्विचले आपला आवाज नसतेच. मधात अडकत नाई, खटका नाई. कळ तळाले आपटते तेवढाच आवाज. ज्याचं बोट, त्याचा.

नीलाबाई : त्याले एक बोटच नव्हतं.

रंजीता : उजव्या हाताचं मधलं. धानाच्या मशीनमधी गेलं होतं.

नीलाबाई : तीन-चार ठोके वाजले का एक रिकामा जाये. मंग बाजूचं बोट धावत येऊन जोरानं पडे. लंगडं बकरू चाललं म्हणून हसो मी त्याले.

अश्वजित : वहिनी, मधलं बोट मुडपून पाहा बरं. ह्या लाल स्विचच्या कीबोर्डावर.

(रंजीता बोट मुडपून टाइप करते.)

नीलाबाई : थांब, पोरी.

रंजीता : नाई जमलं?

नीलाबाई : जमलं. तोच आला. म्हणून थांब.

रंजीता : मंग लालच बसवू. मी रोज असंच करीन.

नीलाबाई : नको. बोट सरळ कर. तुह्या हाताले कोणता बरा वाटला?

रंजीता : पिवळा. लाल नुसता हात ठेवला तरी दबते.

नीलाबाई : भाऊ, पिवळे बसव. आन त्याच्या जुन्या स्विचातला एक काढून मले दे. पदराले बांधते.

अश्वजित : ओल लागली आहे त्याले, बाई. नीट वाजणार नाई.

नीलाबाई : नाई वाजला तरी चालते.