गाडीतला दिवा वाढवल्याबाबत

दिनांक १७ डिसेंबर १९६३, मंगळवार. वेळ सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. ठिकाण अकोला.

जबाब देणाऱ्याचे नाव देवमन श्रावण तेलगोटे, वय अंदाजे ४१ वर्षे, धर्म बौद्ध (येथे आधी दुसरा शब्द लिहिला होता, तो जबाब देणाऱ्याच्या हरकतीवरून खोडला), धंदा मोटारगाड्यांच्या वायरिंगची व बॅटरीची कामे, दुकान जठारपेठ, राहणार अकोटफैल, अकोला.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला या कामी कोणी बोलावलेले नाही, मी आपल्या पायाने आलो आहे. ६ डिसेंबर रोजी पहाटे अकोट ते अकोला रस्त्यावर चोहोट्टा गावाच्या पुढे मोरीच्या दगडी कठड्याला पिकप गाडी धडकून वच्छला गोवर्धन ढोणे ही बाई मयत झाली. त्या कामी तिचा नवरा गोवर्धन नत्थुजी ढोणे, धंदा फुलशेती, राहणार अकोटाजवळचा मळा, याच्यावर संशय आहे. बाईच्या उजव्या तळहातावर ताजे भाजल्याची खूण मिळाली. ती नवऱ्यानेच केली आणि गाडीही जाणूनबुजून धडकवली, असे बाईचा भाऊ पुंजाजी याने लिहून दिले आहे. गोवर्धन स्वतः काही बोलत नाही, असे मी ऐकतो. ती खूण कशी झाली हे मला माहीत आहे. गाडी का धडकली तेही माहीत आहे. दोन्हींचे कारण मी आहे.

मी लढाईच्या काळात पलटणीच्या मोटार कारखान्यात वायरिंग शिकलो. सन १९४७ पासून माझे दुकान आहे. माझ्या हातची जोडणी आजवर जळाली नाही की सुटली नाही. हे फुशारकीने सांगत नाही, कामाची माहिती म्हणून सांगतो.

गोवर्धनची पिकप गाडी लढाईतली, लिलावात विकलेली आहे. तिच्या टपात आत दिवा नव्हता. नवरा-बायको पहाटे चार वाजता मळ्यातून फुले भरून निघत आणि उजाडायच्या आत अकोल्याच्या फुलबाजारात पोचत. हार आदल्या रात्री करून ठेवले तर झेंडू काळा पडतो, शेवंती मान टाकते. म्हणून वच्छलाबाई गाडीत बसूनच हार गुंफायची. अंधारात तिच्या बोटांत सुई जायची. दिवाळीच्या आधी दोघे माझ्या दुकानी आले. गोवर्धन म्हणाला, "मिस्त्री, हिच्या मांडीवर उजेड पडला पायजे, इतकंच करा." मी टपाला तिच्या बाजूने पाच वॅटचा दिवा बसवला. त्यावर काचेची वाटी दोन स्क्रूंनी आवळली आणि तिच्या हाताला येईल असे बटन दिले. काम पाहून बाई हसली. तिने मला त्या दिवसापासून मिस्त्रीभाऊ म्हणायला सुरुवात केली. मला सख्खी बहीण नाही.

तेव्हापासून ती दोघे बाजारातून परतताना दुकानापुढे थांबत. बाई उरलेली फुले माझ्या गल्ल्यावर ठेवून जाई. जठारपेठेतले काही लोक माझ्या हातचे पाणी अजून घेत नाहीत. ती माझ्या माठातले पाणी मागून प्यायची. विचारल्यावरून सांगतो की, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. तरी लिहावे.

गुरुवार दिनांक ५ डिसेंबर रोजी सकाळी नऊच्या सुमारास गोवर्धन गाडी दुकानापुढे लावून खताच्या कामाला गेला. वच्छलाबाई उतरून माझ्याकडे आली. तिने जे शब्द सांगितले ते जसेच्या तसे लिहावेत, अशी माझी विनंती आहे. ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, ह्यायच्या डोयाले लय तरास होऊन राह्यला. तो आतला दिवा वाढवून टाकजा." मी म्हणालो, "वाढवतो ना, आत्ता करतो." तिला सूत घ्यायचे होते म्हणून ती लगेच गेली.

मी समजलो की दिवा मिणमिणता आहे, त्याने डोळ्यांवर ताण पडतो, म्हणून तो मोठा करायचा आहे. माझ्या धंद्यात दिवा वाढवा म्हणजे उजेड वाढवा. दिवसातून चार वेळा हेच ऐकतो. मी पाच वॅटचा बल्ब काढून एकवीस वॅटचा लावला. हा बल्ब मागच्या ब्रेकच्या दिव्यात लावतात. उजेड वाया जाऊ नये म्हणून त्याच्या मागे चकचकीत पत्रा बसवला. काम मन लावून केले, हे दुःखाने सांगतो.

जुने बटन एवढ्या मोठ्या दिव्याला टिकणारे नव्हते आणि नवे दुकानात शिल्लक नव्हते. म्हणून मी ते बटन काढून टाकले आणि आतला दिवा समोरच्या दिव्यांच्या बटनाला जोडला. म्हणजे समोरचे दिवे लावले की आतलाही लागणार. समोरचे बंद केल्याशिवाय आतला बंद होणार नाही. ही जोडणी मी दोन दिवसांपुरती केली होती. दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर, त्या दिवशी माझे दुकान बंद असते. सात तारखेला नवे बटन बसवायचे, असे मी मनात ठरवले होते.

अकराच्या सुमारास गोवर्धन गाडी न्यायला आला. मी म्हणालो, "दिवा वाढवला बरं." तो म्हणाला, "बरं झालं, मिस्त्री. लय जीव खाल्ला त्यानं." त्याला बटनाचे सांगायचे होते, तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले आणि राहून गेले. लख्ख ऊन होते, दिवे लावून पाहायचे कारण कोणालाच पडले नाही. दोघांनीही समाधानाने एकमेकांचा निरोप घेतला.

वाहनाच्या आत मोठा दिवा लागला आणि बाहेर अंधार असला, तर काय होते ते मला चांगले ठाऊक आहे. समोरची काच आरसा होते. रस्ता दिसत नाही, आपलेच तोंड दिसते. पाच वॅटच्या दिव्यानेही थोडे तसे होते. गोवर्धनच्या डोळ्यांना त्रास होता तो हा. एवढी साधी गोष्ट सोळा वर्षे धंदा करणाऱ्याच्या ध्यानात का आली नाही, असे साहेबांनी विचारले. मी त्या वेळी फक्त हारांवर पडणाऱ्या उजेडाचा विचार केला.

६ डिसेंबर रोजी आमच्या वस्तीत सकाळी सात वाजता अभिवादनाचा कार्यक्रम होता. त्यासाठी वस्तीने पांढऱ्या शेवंतीचे हार वच्छलाबाईलाच सांगितले होते. ते मीच सांगून आलो होतो. आम्ही आठपर्यंत रस्त्याकडे पाहत उभे राहिलो. हार आले नाहीत. मी चारचौघांत म्हणालो की, माळीण शब्दाची पक्की आहे, गाडी बिघडली असेल. साडेआठला अकोटाकडून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने मोरीजवळचा प्रकार सांगितला. मी सरकारी दवाखान्यात गेलो, पण लोकांच्या मागे उभा राहिलो. बाईचे तोंड मी पाहिले नाही.

त्या वेळी मला दिव्याची शंका आलेली नव्हती. गोवर्धनला डुलकी लागली असावी, असे मीही इतरांसारखेच समजलो आणि तसे बोललोही. ते बोलणे मी आज मागे घेतो.

गुरुवार दिनांक १२ रोजी मला समजले. माझी पत्नी इंदूबाई हिने जेवणानंतर भांडी आवरली. आमच्या घरी वीज नाही, कंदील असतो. ती रोजच्यासारखे म्हणाली, "दिवा वाढवा आता." मी रोजच्यासारखा कंदील विझवला. हात काचेवरच राहिला. दिव्याला विझव म्हणू नये, अशी आमच्या भागातल्या बायांची रीत आहे. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तसेच दिव्याचे. वीस वर्षे मी हा शब्द रोज घरात ऐकतो आणि रोज दिवा विझवतो. दुकानात तोच शब्द मी उलटा ऐकला. बाईने मला दिवा बंद करून टाकायला सांगितले होते.

हे कळल्यावर लगेच का आला नाही, असे विचारले. भ्यालो म्हणून आलो नाही. दुकान जाईल, तुरुंग होईल, बौद्धाच्या हाताने माळ्याची बाई मेली असे लोक बोलतील, असे सगळे मनात आले. बल्बाची काच पाच मिनिटांत चटका देण्याइतकी तापते, हे मला माहीत आहे. तळहाताच्या खुणेचे ऐकून होतो. तरी चार दिवस गप्प बसलो. काल दिनांक १६ रोजी इंदूबाई म्हणाली, "त्या मानसाले फासावर चढवतीन. तुमी जाता का मी जाऊ?" मग मी आधी दवाखान्यात गोवर्धनकडे गेलो. पहाऱ्यावरच्या शिपायाने मला दहा मिनिटे बोलू दिले.

गोवर्धनचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. मी त्याला सगळे सांगितले आणि म्हणालो की, तुला पाहिजे ते मला बोल. त्यावर त्याने सांगितले ते असे. पहाटे समोरचे दिवे लावताच आतला दिवा भक्कन लागला. बटन शोधले तर जागेवर नाही. तो म्हणाला, परत फिरू, उजाडल्यावर निघू. बाई म्हणाली, "आज त्यायचा दिस हाये. हार टायमावर नाई गेले तं मिस्त्रीभाऊले वस्तीत मान खाली घालाव लागन." म्हणून ते निघाले. तिने दिव्यावर फडके बांधले, त्याचा धूर निघाला. मग तिने हाताच्या पंजाने दिवा झाकून धरला. हात पोळला की दुसरे फडके, मग पुन्हा हात, असे चोहोट्ट्यापर्यंत चालले. हार तिने एका हाताने मांडीवर सांभाळले होते. ती ते अंधारात, नुसत्या बोटांनी गुंफायला कधीच शिकली होती. दिवा तिला आता लागतच नव्हता, नवऱ्याच्या डोळ्यांसाठी तो नको होता.

गोवर्धन म्हणाला, "म्या पाना काहाडला होता, मिस्त्री. फोडून टाकतो म्हनलं त्या दिव्याले. तं माहा हात धरला तिनं. म्हने, मेहनतीचं काम हाये, फोडू नका." पुढे मोरी जवळ आल्यावर तिला चटका सहन झाला नाही आणि तिने हात काढला. समोरची काच पांढरी झाली.  

मी त्याला विचारले की, एवढे सगळे होते तर पोलिसांना, मेव्हण्याला सांगितले का नाही. बायकोला चटके देणारा म्हणून लोक तोंडावर थुंकत असताना माझे नाव का घेतले नाही. त्यावर तो जे बोलला ते लिहावे.

"म्या रस्त्यानं तुमाले शिव्या देऊन राह्यलो होतो. तिनं मले शपथ घातली. म्हने, मिस्त्रीभाऊले एका शब्दानं बोलाचं नाई. माह्याच सांगन्यात काई चुकलं असन. हे तिचं शेवटचं बोलनं हाये. आता मी तुमचं नाव कसं घेऊ?"

यावरून सांगतो की, गोवर्धन ढोणे याने बायकोला कधी इजा केली नाही, गाडी जाणून धडकवली नाही आणि त्याला डुलकीही लागली नव्हती. त्याला सोडावे. पुंजाजीला हा जबाब वाचून दाखवावा, तो नको म्हणाला तरी दाखवावा. गाडी ठाण्याच्या आवारात आहे. टपातली जोडणी कोणीही जाणकार उघडून पाहू शकतो, ती जागची हललेली नाही. जी काही शिक्षा असेल ती मला व्हावी.

हा जबाब प्रथम वाचून दाखवला तेव्हा त्यात "मयत बाईने दिवा मोठा करण्यास सांगितले" असे वाक्य होते. ते मी खोडायला लावले. तिने तसे सांगितले नव्हते. तिच्या सांगण्यात काही चुकले नव्हते.

दुरुस्तीनंतर जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. तो मी ऐकला, समजला, माझ्या बोलण्याबरहुकूम आहे. कोणाच्या दबावाने दिलेला नाही. मला सही करता येते, तरी पुढे कोणी शंका घेऊ नये म्हणून सहीशेजारी डाव्या अंगठ्याची निशाणीही दिली आहे.

सही : देवमन श्रावण तेलगोटे
समक्ष : ठाणे अंमलदार